आमच्या आत्याबाईंचा आवाज

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात जेवढा आवाज केला तेवढा आमच्या मेडशीत, किंबहुना तेव्हाच्या अख्ख्या अकोला जिल्ह्यात, दुसऱ्या कोणत्याही माणसानं केला नसेल, आणि गंमत म्हणजे तोंडानं त्या फारसं बोलतही नसत. लग्नाआधी माझी आई मला बजावायची, की सासवा दोनच जातीच्या असतात, एक बोलणारी आणि एक मनात ठेवणारी. कशी निघते ते बघ आणि तशी राहा. मला निघाली ती वाजवणारी. आता तिच्याशी कसं राहावं हे आईला तरी कुठून ठाऊक असणार!

एकोणीसशे सत्तर उलटून दोनतीन वर्षं झाली होती. मी इंझोरीची, मॅट्रिक झालेली, त्यामुळं स्वतःला बरीच शहाणी समजणारी. सासरच्या पहिल्या सकाळी अंगणात असा काही खणखणाट झाला, की मला वाटलं शेजारचं टिनाचं छप्पर माणसासकट खाली आलं. धावत बाहेर गेले, तर मामंजी बाजेवर बसून बशीतून शांतपणे चहा पिताहेत आणि समोर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मांडी घालून बसलेल्या. पुढ्यात रॉकेलचा डबा, वनस्पती तुपाचे दोन डबे, फुटकं घमेलं, नांगराचा मोडका फाळ आणि बैलगाडीच्या चाकाची गंजलेली धाव. दोन्ही हातांत लोखंडी बोल्ट. माझं तोंड उघडंच राहिलेलं बघून मामंजी म्हणाले, "काही नाही वं पोरी. तुही सासू डबे लावून राह्यली. सरवय होईन तुले." सवय झाली, पण त्याला वर्ष गेलं.

त्यांचा कान भलताच नाजूक. मालेगावच्या बाजारात एका जैन शेठजींचं भांड्यांचं दुकान होतं. शेठजी इतके हळू बोलणारे, की गिऱ्हाइकाला पुढं वाकून ऐकावं लागे. आत्याबाई दुकानात शिरल्या की शेठजींच्या कपाळावर घाम यायचा. एकेक गंज, एकेक कढई कानाजवळ धरून बोटानं टिचकी मारायची, मग मुठीनं, मग उलथन्यानं. सतरा भांडी वाजवून झाल्यावर अठरावं पसंत पडायचं, तेही बहुधा चिरलेलं. एकदा शेठजींनी अगदी हात जोडले. म्हणाले, "बाई, यात भाजी शिजवाची हाये का याले वरातीत न्याचं हाये?" आत्याबाई म्हणाल्या, "भाजी कशातही शिजते शेठ. आवाज कशातही नाही निंगत." त्या कढईतलं अर्धं वरण चुलीनं प्यायलं आणि अर्धं आम्ही. पण कढई वाजायची मात्र छान, हे कबूल केलं पाहिजे.

शेतातल्या माळ्यावर तर त्यांचं राज्यच होतं. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकलायला एखादा डबा सगळेच बडवतात. आत्याबाईंनी साऱ्या वावरात दोऱ्या ताणल्या होत्या. प्रत्येक दोरीला एक डबा, डब्यात कुठं खडे, कुठं खिळे, कुठं सायकलची तुटकी साखळी. माळ्यावर बसून त्या दोन्ही हातांनी आणि एका पायानं दोऱ्या ओढायच्या आणि वावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गडगडायचं. रस्त्यानं जाणारे बैल बिचकायचे, गाडीवान शिव्या द्यायचे. पहिल्या वर्षी पाखरं फिरकली नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांना सवय झाली आणि ती त्याच दोऱ्यांवर ओळीनं बसू लागली. ज्वारी खाल्ली सगळी! आमचे हे, म्हणजे माझे यजमान, शाळेत मास्तर, ते डोक्याला हात लावून म्हणाले, "माय, पाखरं तर भेतच नाहीत." आत्याबाईंना त्याचा केवढा आनंद! "भ्याले नाही, आयकाले येते ते."

बरं, त्यांच्या वाजवण्यात ठेका शोधाल तर मुळीच नव्हता. एखादा तरणाताठा पोरगा गंमत म्हणून डब्यावर ताल धरायचा, तर त्या त्याचा हातच धरायच्या. मी एकदा विचारलं, "आत्याबाई, ठेक्यानं कायले पोटात दुखते तुमच्या?" तर म्हणाल्या, "ठेका आला का नाचनारे येते. नाचनारे आले का पाहनारे येते. मंग आवाज कोन आयकते?" गावाला याचं काय करावं ते कळत नसे. पूर्वी असतं तर अंगात येतं म्हणून मोकळे झाले असते. पण आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हापासून कोणाच्या अंगात काही येणं बंद झालं होतं. तेव्हा शेजारणी म्हणायच्या, हिच्या डोक्यात येते. त्या ऐकायच्या आणि हसायच्या. मला मात्र तेव्हा त्यांची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू?

आता मामंजींचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांच्या हातात पूर्वी गावाचं डफडं होतं. दवंडी त्यांनी द्यायची, दुसऱ्यांच्या वरातीपुढं अनवाणी त्यांनी वाजवायचं, चावडीपुढं खाली मान घालून उभं राहायचं. धम्म घेतला त्या वर्षी साऱ्या मंडळींनी आपापली डफडी फोडली आणि पुन्हा वाद्याला हात लावायचा नाही असा शब्द दिला. मामंजींनी तो असा पाळला, की लेकराचा खुळखुळासुद्धा हलवत नसत. त्यामुळं आमच्या वस्तीत वाजवणं म्हणजे मागं जाणं, असं ठरूनच गेलं होतं. आणि त्यात बाईनं वाजवणं!

एवढं सगळं घरात आणि वावरात चाललं होतं तोवर ठीक होतं. पण एका वर्षी जयंतीच्या तयारीसाठी समाजमंदिरापुढं सभा भरली आणि अकोल्याचे एक वक्ते आले. फार सुंदर बोलले. शेवटी आम्हा बायांकडं वळून हात उंचावून म्हणाले, "भगिनींनो, किती दिवस गप्प बसणार? आता तुम्ही आवाज उठवला पाहिजे!" टाळ्या पडल्या. आत्याबाई उठल्या. मला वाटलं, पाणी प्यायला चालल्या. घर दोन पावलांवर. परत आल्या त्या दोन डबे आणि बोल्ट घेऊन, आणि वक्ते आभार स्वीकारताहेत तोच सुरू! काय तो आवाज, बाप्पा बाप्पा! वक्त्यांनी आधी नमस्कार केला, मग कान झाकले, मग गाडी कुठं आहे ते विचारलं. आमचे हे समितीचे सचिव. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. मी डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढला. घरी आल्यावर हे आईवर कधी नव्हे ते ओरडले, तर त्या निरागसपणे म्हणाल्या, "तेच तर म्हने न, उठवा म्हून. त्यायले मी कशी नाही म्हनू?" आणि मग हळूच, "यंदा मिरवणुकीत करतो मी. सारं गाव आयकते तवा." आमच्याकडं बायासुद्धा मी करतो असंच म्हणतात, पण त्या दिवशी ते मला वेगळंच ऐकू आलं. थट्टेची गोष्ट नव्हती. त्यांना ते मनापासून हवं होतं.

आमचे हे मग आठ दिवस आईशी बोलले नाहीत. समितीची बैठक बसली. पुरुष पुढं, आम्ही बाया दाराशी. अध्यक्ष वयानं मोठे, भला माणूस. ते रागानं नाही बोलले. म्हणाले, "बाई, आपन डफडं सोडलं. काय काय सोसून सोडलं ते तुमच्या मालकाले इचारा. आता जयंतीत डबे बडवत निंगाचं, आपल्याले शोभते का?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. खाली मान घालून त्यांनीही वाजवलं होतं. मामंजी कोपऱ्यात बसून जमिनीकडं बघत होते. आत्याबाई उभ्या राहिल्या. "तुमी सोडलं भाऊ. तुमच्या हाती व्हतं म्हून सोडलं. बाईच्या हाती डफडं कवा देलं व्हतं कोनी? मंग मी काय सोडू?"

मग अध्यक्षांनी खूण केली आणि यांनी रजिस्टरातला ठराव वाचला, "मिरवणुकीत महिलांनी आवाज करू नये."

ते रजिस्टर आमच्याच घरी असायचं आणि घरात आलेला छापील किंवा लिहिलेला कागद मी वाचल्याशिवाय सोडत नसे. मागच्या पानावर काय आहे ते मला पाठ होतं. तोवर चार पुरुषांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उठले आणि म्हणाले, "मागचं पानबी वाचा न जी." यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की वाटलं आजपासून माहेरच. पण सभेत कोणीतरी वाचा वाचा म्हणालं. वाचावं लागलं. "महिलांनी आवाज उठवावा असे आवाहन वक्त्यांनी केले. त्यास सर्वांनी टाळ्या वाजवून अनुमोदन दिले." दोन्ही ओळी यांच्याच अक्षरात. एक म्हातारा सदस्य म्हणाला, "उठवाचा, पन कराचा नाही, असं लिहा." आणि बाया खदखदून हसल्या. पुरुषही हसले. यांचे कान लाल झाले, पण ते खोटं बोलणारे मास्तर नव्हते. त्यांनी पेन उचललं आणि ठराव खोडला.

तरी तासभर घासाघीस झालीच. शेवटी ठरलं: करू द्या, पण सर्वांच्या मागं, आणि समितीतल्या कोणाही पुरुषानं त्याला हात लावायचा नाही.

ही शेवटची अट किती वाईट होती ते जयंतीच्या दिवशी कळलं. आत्याबाईंनी एका लांब लाकडी बल्लीला आठ डबे, घमेलं, फाळ आणि ती धाव बांधली होती. बल्ली धरायला दोन माणसं पाहिजेत. एक मी. दुसरं कोण? पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया आमच्याकडं बघत होत्या. शेजारीण एक पाऊल पुढं आली, पुढून तिच्या नवऱ्याचा खाकरा ऐकू आला आणि ती परत ओळीत गेली. मिरवणूक निघाली. पुढं निशाण, मागं गाणाऱ्या बाया, सगळ्या पुढं पुढं गेल्या. एप्रिलचं ऊन. बल्लीचं एक टोक माझ्या खांद्यावर, दुसरं धुळीत. आत्याबाई बोल्ट हातात धरून तशाच उभ्या. चेहरा असा झाला होता, की मला बघवेना. मग त्यांनी हात खाली केले. "राहू दे पोरी," म्हणाल्या. मी रडायला लागले. त्या बाईनं कशाला राहू दे म्हणावं हो? आयुष्यात एक गोष्ट मागितली होती.

इतक्यात मिरवणुकीच्या अगदी पुढच्या रांगेतून, निशाणाजवळून, मामंजी उलट दिशेनं आमच्याकडं चालत येताना दिसले. साऱ्या लोकांच्या मधून, कोणाकडं न बघता. आले, खांद्यावरच्या दुपट्ट्याची घडी करून तिथंच ठेवली, वाकले आणि धुळीतलं टोक उचलून खांद्यावर घेतलं. पुढून अध्यक्ष ओरडले, "काहून गा? शब्द इसरला का?" मामंजी म्हणाले, "हातानं देल्ला व्हता शब्द. खांद्यानं नव्हता देल्ला."

आणि मग आत्याबाईंनी जे सुरू केलं! मधे त्या, पुढं मी, मागं मामंजी. मला पुढचं काही दिसेना, नुसतं डोक्यात लोखंड. चावडीपुढं आलो तशा त्या थांबल्या आणि तिथं सगळ्यांत जास्त बडवलं. गावकीची जुनी मंडळी ओट्यावर बसली होती, ती उठून उभी राहिली. मी मागं वळून पाहिलं. मामंजी ताठ उभे होते, मान वर. फक्त त्यांचा उजवा पाय जुन्या सवयीनं ठेका शोधत होता, आणि सापडला सापडला म्हणेपर्यंत आत्याबाई तो मोडत होत्या, आणि ते हसत होते. इतकं मोकळं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी हे खोबरेल तेलाची बाटली घेऊन आईजवळ बसले आणि फोडांनी भरलेल्या तिच्या तळहातांना तेल लावत राहिले. आठ दिवसांचा अबोला तिथं संपला. रजिस्टरात दर वर्षी ते लिहायचे, मिरवणूक शांततेत पार पडली. त्या वर्षी लिहिलं, मिरवणूक आवाजात पार पडली. पुढच्या वर्षी शेजारीण झाकण घेऊन आली, त्याच्या पुढच्या वर्षी चौघी आल्या. त्यांचे नवरे खाकरत राहिले, पण ऐकू कोणाला येणार?

आत्याबाई गेल्या, मामंजी गेले. हेही मागल्या साली गेले. त्या मिरवणुकीनंतर तीन दिवस माझे कान बंद होते. हे काही विचारायचे आणि मी नुसती मान हलवायची. आता घरात सगळं स्वच्छ ऐकू येतं, घड्याळ, नळ, अंगणात पडलेलं पानसुद्धा. डॉक्टर म्हणतात, या वयात एवढे चांगले कान म्हणजे नशीब लागतं. मी त्यांना काही सांगत नाही. मला ते तीन दिवस परत पाहिजेत.