सोहनींनी न पाडलेलं विमान

सोमवारी दुपारी सोहनी वारले. तोपर्यंत त्यांनी एकही विमान पाडलं नव्हतं. शुक्रवारी कुवेतच्या हवल्ली भागात झालेल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत त्यांनी तीन पाडली.

इथल्या ज्या इस्पितळात मी प्रयोगशाळेत काम करतो, तिथे सोहनी एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धूत. त्याआधी ते हवाई दलात नेव्हिगेटर होते, रात्री लढणाऱ्या विमानात. खोलीतून उजेडात येताना ते एक डोळा मिटून घेत. अंधाराला सरावलेला एक डोळा राखून ठेवायचा, ही तिथली सवय. मंडळातल्या निम्म्या बायकांचा बराच काळ समज होता की हा माणूस डोळा मारतो. त्यांच्या पत्नी मालतीकाकू शांतपणे म्हणत, "लग्नाला वीस वर्षं झाली, मला कधी मारला नाही. तुम्हाला कशाला मारतील?"

मंडळाला वीर हवा होता. सीमेपलीकडे इराण-इराक युद्ध चाललं होतं, पण त्याची आम्हाला काळजी एवढीच की टोमॅटो महागतील. आमच्यात डॉक्टर पुष्कळ, युद्धात उतरलेला एकच. दर प्रजासत्ताक दिनाला अध्यक्ष त्यांना व्यासपीठावर बसवत आणि किती पाडली ते विचारत. "रडारच्या पडद्यात डोकं घालून बसायचो हो," सोहनी म्हणत. "चार वर्षं रात्री उडलो, चांदणी एक पाहिली नाही." लोक टाळ्या वाजवत. आमच्याकडे विनय हा पराक्रमाचा पुरावा मानतात.

खरं काय ते त्यांनी मला एकदा फिल्म सुकेपर्यंत सांगितलं. पासष्टच्या युद्धात एका रात्री त्यांच्या पडद्यावर ठिपका आला. वैमानिकाचं बोट बटणावर होतं. ठिपका फारच सावकाश चालला होता, म्हणून सोहनी त्याला म्हणाले, थांब, अजून जवळ जाऊ. जवळ गेले तर वाट चुकलेलं आपलंच मालवाहू विमान. आत अकरा माणसं. पहाटे त्यातला एक जण यांच्याच मेसमध्ये चहाला बसला.

"साखर कमी आहे म्हणून कुरकुरत होता," सोहनी म्हणाले. "माझी दिली. बोललो काही नाही." मग फिल्म उलटी करत म्हणाले, "मी गेल्यावर हे लोक माझ्या नावावर विमानं पाडतील बघ. पाडलेल्या विमानात माणसं असतात रे. तू उठून सांग, एकही नाही."

मी हो म्हणालो होतो.

सभेत मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. त्या शुक्रवारी अध्यक्षांच्या तोंडून तीन हा आकडा ऐकला आणि उठलो. अकरा जणांसकट सगळं सांगितलं. पहिल्या रांगेतून काकूंनी वळून पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. अध्यक्षांनी माइक घेतला, सोहनींचा विनय त्यांच्या मित्रांतही उतरला आहे असं सांगितलं, आणि चहा बाहेर ठेवलाय तो घेऊन जावा, अशी विनंती केली.

काकू मिरजेला परतल्या. मंडळाच्या स्मरणिकेत तीन विमानं आहेत. त्या अकरा जणांना सोहनी हे नाव माहीत नाही.