विकायची की डोंगरात न्यायची

माझ्या सासऱ्यांकडे एक रायफल होती आणि मला ती हवी होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार निःस्वार्थीपणे वागले असा कुणाचा समज नको व्हायला.

आम्ही जपानात, सेंदाई शहराच्या टोकाला राहतो, जिथे बसचा शेवटचा थांबा आहे आणि त्यापुढे भातखाचरं आणि डोंगर. घर सासऱ्यांचं. नवरा जपानी, मी पुण्याची, विद्यापीठात मातीवर काम करते. रानडुकरांनी सासऱ्यांची खाचरं उकरायला सुरुवात केली तेव्हा मी शिकारीचा परवाना काढला आणि शॉटगन घेतली. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं शिकवलं ते याच्यासाठी का?" पण मी एकदा ठरवलं की ठरवलं.

सासऱ्यांची रायफल मात्र वेगळीच चीज. जुनी, अमेरिकन बनावटीची. चापाभोवती एक लोखंडी कडं असतं, ते खाली ढकलून परत वर ओढलं की रिकामं काडतूस उडून पडतं आणि पुढची गोळी आत जाऊन बसते. सासऱ्यांनी तरुणपणी ती एका म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून घेतली होती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, लोखंडावरचा निळसर काळा मुलामा अजून मूळचा. असल्या रायफलींवर जीव टाकणारे लोक आहेत आणि ते वाट्टेल ती किंमत देतात. त्यामुळे झालं काय, की सासरे स्वतःही तिला डोंगरात न्यायला घाबरायला लागले. दुसरी साधी रायफल घेऊन जायचे आणि हिला दर रविवारी ओसरीवर बसून तेल घालायचे. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

जपानात बंदूक नुसती जपून ठेवता येत नाही. दर वसंतात ती पोलिसांना नेऊन दाखवावी लागते आणि ते विचारतात, कुठे वापरलीत? न वापरलेल्या बंदुकीला इथे 'झोपलेली बंदूक' म्हणतात, आणि झोपलेल्या बंदुकीचा परवाना काढून घेतात. शिवाय ज्याच्या नावावर परवाना, त्यानेच तिला हात लावायचा. बायकोने नाही, मुलाने नाही, सुनेने तर नाहीच. एका घरात इतकी वर्षं राहून मी त्या रायफलीला बोट लावलं नव्हतं.

गेल्या वर्षी सासऱ्यांचे गुडघे पार गेले. त्यांनी जाहीर केलं की आता परवान्याचं नूतनीकरण नाही, दोन्ही रायफली जातील. साधी बंदुकीच्या दुकानदाराने लगेच नेली. या जुन्या रायफलीसाठी त्याच्याकडे योकोहामाचं एक गिऱ्हाईक होतं. तो माणूस वर्षातून एकदा नेमबाजीच्या रेंजवर जाऊन दोनचार गोळ्या झाडणार, म्हणजे कागदोपत्री वापर झाला, आणि उरलेलं वर्षभर तिच्याकडे बघत बसणार. नवऱ्याला हा उपाय फार पटला. "तिथे ती चांगली राहील," म्हणाला, जणू मुलीचं स्थळ बघतोय.

माझी शॉटगनची दहा वर्षं तेव्हा नुकतीच भरली होती. त्याशिवाय इथे शिकारीला रायफल मिळत नाही. म्हणजे ती माझ्या नावावर होऊ शकत होती. पण मला कुणी विचारलंच नाही. माझा संताप संताप झाला. आणि मीही गप्प बसले, कारण सासऱ्यांच्या जिवाभावाची वस्तू सुनेने तोंड वर करून कशी मागायची?

अशात आई आली पुण्याहून, नवरात्रात. खंडेनवमीला तिने ओसरीवर पाट मांडला आणि घरातली हत्यारं गोळा केली. कात्र्या, विळा, गवत कापायचं यंत्र, माझा लॅपटॉप, नवऱ्याचं ड्रिल. सासरे बघत होते. त्यांनी मला विचारलं, हे काय चाललंय? मी सांगितलं, आज आम्ही हत्यारांची पूजा करतो, वर्षभर ती आपल्यासाठी राबतात म्हणून. ते उठले, आत गेले, कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि रायफल दोन्ही हातांवर आडवी धरून बाहेर आले. मांडीवर घट्ट धरूनच आईसमोर बसले, म्हणजे ती त्यांच्याच हातात राहील.

"व्याह्यांना सांग, हलवू नका," आई म्हणाली, आणि तिने ओलं हळदकुंकू बोटाने चापाच्या वर, त्या मुलाम्यावर लावलं. अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं. मग सवयीने म्हणाली, "आता उद्यापर्यंत पुसायचं नाही हं." मी तेही भाषांतर करून सांगितलं. ओल्या कुंकवाने लोखंड गंजेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्यांनी साध्या घामट बोटाचा ठसासुद्धा कधी राहू दिला नाही, त्या सासऱ्यांनी विहिणीचा मान राखून रायफल तशीच कुंकवासकट कपाटात ठेवली.

दसऱ्याला त्यांनी कुंकू पुसलं तेव्हा खाली बोटाएवढा गंजाचा तांबूस डाग पडला होता. त्यांनी कापडाने घासून पाहिलं. नाही गेला.

दुकानदार त्याच आठवड्यात आला. गुडघ्यांवर बसून त्याने डाग खूप वेळ निरखला. अगदी नम्रपणे म्हणाला की नवा मुलामा देता येईल, पण मग ती मूळची राहणार नाही. तसंच ठेवलं तरी गिऱ्हाईक घेईल, पण कमी किमतीला. हे मी आईला सांगायचं टाळत होते, पण तिला काय कळायचं ते कळलं. ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. नवरा माझ्याकडे असा बघत होता, की जणू मीच घासणीने रायफल घासली. "जे मिळतंय त्यात देऊन टाकू," तो म्हणाला, "आणखी काही व्हायच्या आत."

मग मात्र मला राहवलं नाही. दुकानदारासमोरच सासऱ्यांना म्हणाले, "ओतोसान, विकू नका. मला द्या."

"तू हिला डोंगरात नेणार?" नवऱ्याने विचारलं.

"मग काय तिच्याकडे बघत बसू?"

सासऱ्यांनी दुकानदाराला थोडे दिवस थांबायला सांगितलं. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर म्हणाले, "तुझी झाली की मला तिला हात लावता येणार नाही."

"माहीत आहे."

"तेल?"

"मी घालीन. तुम्ही बसून सांगा."

"आपटली तर? दगडावर, झाडावर?"

इथे मी खोटं बोलू शकले असते. जिवापाड जपीन वगैरे. पण ते स्वतः शिकारी होते, त्यांना असलं गुळमुळीत बोलणं कळलं असतं. "आपटेल," मी म्हणाले. "डोंगरात न्यायची म्हणजे आपटणारच. तुम्हाला ती कोरी हवी असेल तर योकोहामाला पाठवा. मी तिच्यात गोळ्या भरणार आहे."

ते आईकडे वळले आणि मला म्हणाले, यांना विचार, पूजा झाल्यावर तुमच्याकडे हत्यारांचं काय करतात? बिचारी आई दिवसभर मान खाली घालून होती. पण या प्रश्नाला तिने मान वर केली. "काय करतात म्हणजे? दसऱ्याला सीमोल्लंघन असतं. शस्त्रं घेऊन गावाच्या वेशीबाहेर जायचं. नुसती घरात ठेवायला कोण पूजा करतं?"

मी शब्दन् शब्द सांगितला. पुढचे चारपाच दिवस असेच गेले. मी मनाशी पक्कं केलं होतं की ती योकोहामाला निघाली तर दारात आडवी पडेन. तशी वेळ आली नाही. एका सकाळी ते न्याहारीला बसले आणि म्हणाले, पोलिसांकडे कधी जायचं?

परवाना हातात येईपर्यंत बर्फ पडायला लागलं होतं. पोलिसांनी शेजाऱ्यांना माझ्याबद्दल विचारलं, नवऱ्याला विचारलं, मला सगळं परत परत विचारलं. विचारू देत. आई तोवर परत गेली होती. फोनवर रोज एकच प्रश्न, "मिळाली का गं?" हीच ती, जिला माझी शॉटगन बघवत नव्हती.

जानेवारीत गावच्या शिकाऱ्यांबरोबर गेले. सासऱ्यांच्या खाचरांच्या वरच्या घळीत मला उभं केलं होतं. कुत्री भुंकायला लागली, आणि डुक्कर खालून वर आलं, सरळ. मागे मातीचा चढ होता, घर नाही, माणूस नाही, ते आधी पाहिलं. पहिली गोळी चुकली. कडं खाली, वर, आणि दुसरी लागली. मला भयंकर आनंद झाला. रायफल रिकामी केली आणि उतरताना गोठलेल्या दगडावरून घसरले. मी वाचले. दस्ता कातळावर घासत गेला.

सगळं आधीच सांगितलं होतं हे खरं, पण सांगणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. सासरे ओसरीवर वाट बघत होते. मी रायफल उलटी करून ओरखडा त्यांच्यासमोर धरला. चांगला वीतभर, लाकूड पांढरं दिसत होतं.

"ओतोसान, पडले मी."

त्यांनी हात पुढे केला, आणि लगेच मागे घेऊन कोटाच्या खिशात घातला. वाकून खूप वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता रडणार हा माणूस, आणि मग मीही रडणार.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता हिला कुणी विकत मागणार नाही."