भाऊच्या कानानं पास केलेले सेट

हेल्मेटच्या अस्तरात मळ जमते ना, तसे किस्से जमते. रोज घालता तेव्हा समजत नाही, धुवाले काढलं की बादलीभर काळं पाणी! लाखनीच्या हायवेवर प्रमोदभाऊच्या दुकानात मले चार वर्षं झाली, म्हणून आज धुवाले काढतो.

दुकान कायचं? हेल्मेटातल्या हेडसेटचा फालतू आवाज कमी करून देतो आम्ही. गाडी चालवता चालवता मागच्या गाडीवरच्या दोस्ताशी बोलता यावं म्हणून लोक हेल्मेटात स्पीकर अन् माइक बसवते. साठच्या वर गेलं की त्यात नुसती हवा बोलते. मंग ते आमच्याकडं येते. माइक ओठाजवळ सरकवाचा, त्याले फोमची टोपी घालाची, स्पीकर बरोबर कानाच्या भोकासमोर आणाचा, हनुवटीखालची फट बंद कराची. शिलाईचं काम कल्पनावहिनीचं, म्हणजे भाऊच्या बायकोचं. वायरिंग माह्यं. अन् पास-नापास भाऊच्या कानाचं.

"भाऊनं कानानं पास केला" म्हटलं की साकोलीपासून भंडाऱ्यापर्यंत कोणी सवाल नाही करत. अख्खं दुकान त्या कानावर उभं आहे.

*

टेस्टिंगची आमची पद्धत आहे. भाऊ गिऱ्हाइकाचं हेल्मेट घालून पुलापर्यंत जाते अन् वापस येते. मी दुकानातून फोनवर काहीतरी वाचतो, भाऊनं गाडीवरून तेच परत म्हणाचं. त्यायले बरोबर ऐकू गेलं अन् मले बरोबर ऐकू आलं, की सेट पास.

सुरुवातीले मी म्हणत होतो, "हॅलो, वन, टू..."

भाऊ चिडले. "दोनाच्या पुढं तीन येते हे बहिऱ्यालेही मालूम आहे! असं वाच बे, की अंदाजच नाही आला पाहिजे."

मी समोरचा पेपर उचलला. निधनवार्तेचं पान होतं. "पार्वताबाई, राहणार पवनी, वय एक्याऐंशी."

भाऊ खुश! "हे बेस्ट आहे. 'प' नं माइक फुटते का समजते, 'स' नं सिटी वाजते का समजते. अन् कोण मरन याचा अंदाज कोणाले येते?"

तेव्हापासून आमच्याकडं मेलेल्या माणसांवर सेट पास होते. तुमच्या कानात बायकोचा गोड आवाज येऊन राहिला ना, त्याच स्पीकरमधून आधी आठ-दहा जण जाऊन आले आहे.

*

आसगावचा गजानन आला. "भाऊ, कानात सारखं घूं होते. अ‍ॅक्सिलेटर दिला की अजून वाढते."

पाह्यलं तर गडी गाडीच्या बॅटरीवर हेडसेट चार्ज करत करतच फिरत होता. ती वायर काढली. घूं बंद! हात जोडून गेला.

तिसऱ्या दिवशी गाडी टेम्पोत टाकून हजर. "तुम्ही घूं काढला अन् इंजिनातून खडखड ऐकू याले लागली! मेकॅनिकनं खोललं, तर पिस्टन गेला म्हणते. कवाचाच गेला होता म्हणते."

"मंग आम्ही काय करू?" भाऊनं विचारलं.

"माहा घूं वापस लावून द्या."

लावून दिला.

*

मागच्या उन्हाळ्यात मी भाऊले भंडाऱ्याले कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डावा कान गेलेला, उजवा अर्धा. दुकान टाकाच्या आधी भाऊ दहा वर्षं गाडीवर औषधं पोचवत होते. हवेच्या वर ऐकू यावं म्हणून स्पीकर फुल. त्याचीच मेहरबानी.

"कानात आवाज येतो का?" डॉक्टरनं जोरात विचारलं.

"येते. सिटी. चोवीस तास." भाऊनं खुर्ची पुढं सरकवली. "डॉक्टर, हा काढाचा कसा? माह्यं दुकानच याचं आहे."

"हा नाही निघत. उरलेला कान सांभाळा. कानाजवळ स्पीकर बिलकुल बंद, नाहीतर सहा महिन्यांत हाही जाईल."

बाहेर आल्यावर भाऊ म्हणे, "पहिला सेट भेटला, जो आपल्याच्यानं रिपेअर नाही झाला."

मंग माह्या खांद्यावर हात ठेवला. "कल्पनाले सांगू नोको. अन् गिऱ्हाइकाले तर मी मेल्यावरही नोको सांगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी हेल्मेट घालून टेस्टले निघाले.

*

आता मले रोज धाकधूक. ऐकू येऊन राहिलं का नाही, कसं समजावं? म्हणून एक दिवस पेपरातली नावं वाचता वाचता मधातच घुसवलं, "प्रमोद, राहणार लाखनी, वय बेचाळीस."

वाटलं, आता गाडी वळवून येते अन् दोन ठेवून देते!

"प्रमोद, राहणार लाखनी, वय बेचाळीस," भाऊ म्हणाले. "लवकर गेला बिचारा. पुढचं वाच."

मी इतका खुश झालो की पुढची तीन माणसं नाचत नाचत वाचली. ऐकू येऊन राहिलं होतं ना!

वापस आल्यावर भाऊनं हेल्मेट काढलं. "पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कधी आहे ते नाही वाचलं तू. अर्धवट बातमी वाचत जाऊ नोको."

*

पावसाळा संपता संपता मले फोनवर ट्रकचा हॉर्न ऐकू आला. आमच्या फोमच्या टोपीतून! म्हणजे ट्रक किती जवळ असन, तुम्हीच हिशोब लावा. मी ओरडलो, "भाऊ, साइड घ्या! साइड!"

"अबे, काहून थांबला? पुढचं नाव सांग," भाऊ म्हणाले.

ट्रक कसा वाचला, ट्रकलेच माहीत. पण ड्रायव्हर मागं मागं दुकानापर्यंत आला. खाली उतरला अन् पाच मिनिटं असा बोलला, असा बोलला की बाजूच्या पंक्चरवाल्यानं रेडिओ बंद करून ऐकलं. भाऊ हसून मान हलवत राहिले. शेवटी तो थकला, आमच्याच माठातलं पाणी पिला अन् गेला.

आतून वहिनीनं विचारलं, "काय म्हणत होता तो?" भाऊचं तोंड तिकडंच होतं, म्हणून ओठ दिसले.

"रस्ता विचारत होता."

मी हात जोडले. "भाऊ, उद्यापासून मी जातो टेस्टले. तुम्ही वाचा." दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा कानात.

"तुह्या कानावर कोण भरोसा ठेवन?" भाऊ म्हणे. "अन् मंग मी दुकानात बसून काय करू? शटर पुसू?"

*

त्याच्यानंतर दहा-बारा दिवस भाऊ सारखे चुकत होते. पवनीचा माणूस तुमसरले मरून राहिला, बाईचा बुवा होऊन राहिला. मी गुपचूप "पास" लिहीत गेलो. सेट चांगलेच होते, त्यायचा काय दोष!

अन् एका सोमवारी अकराच्या अकरा नावं बरोबर! मंगळवारी नऊच्या नऊ. मी म्हटलं, डॉक्टर फेल! चहावाल्याकडं जाऊन दोन भजे जास्तीचे घेतले.

चहावाला म्हणे, "तुमचे भाऊ आजकाल सकाळी सातलेच येते. चहा थंडा होते, पण पेपराचं एकच पान घेऊन बसते. वाचते, डोळे मिटते, ओठ हलवते, पुन्हा वाचते. घरचं कोणी गेलं का?"

मी भजे तिथंच ठेवले.

बुधवारी करडीच्या एका मास्तरचं हेल्मेट टेस्टले होतं. भाऊ निघाले. मी फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला, समोर पेपर उघडला.

"जय भीम, चालू कर," भाऊचा आवाज आला.

मी तोंड बंद ठेवलं.

मंग भाऊ म्हणाले, "देवकाबाई, राहणार तुमसर, वय सत्तर." मले वाचाले जेवढा वेळ लागते, बरोबर तेवढे थांबले. "सीताराम, राहणार लाखांदूर, वय एकोणसाठ."

पेपरात ज्या ओळीनं होते, त्याच ओळीनं. मी नुसतं बोट फिरवत गेलो. एक चूक नाही.

मान वर केली, तर वहिनी शेजारी उभ्या. हातात अस्तर, अस्तरात सुई. त्यायनं माह्या तोंडाकडं पाह्यलं, पेपराकडं पाह्यलं, मंग फोन उचलला.

"अहो, मी बोलून राहिली."

"मनोहर, राहणार मोहाडी, वय बावन्न," भाऊ म्हणाले.

"जेवाले या."

"शांताबाई, राहणार साकोली, वय अठ्ठ्याहत्तर."

वहिनी फोन कानाले लावून उभ्या राहिल्या. पुढचं नाव झालं, त्याच्या पुढचंही झालं. मंग फोन माह्या हातात दिला.

"हवेचा आवाज बिलकुल नाही येऊन राहिला," म्हणाल्या, अन् मशीनवर जाऊन बसल्या.