नळाची घंटा

दुष्काळाच्या त्या वर्षी पारनेरात आमच्या घरचा नळ कधी येईल, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कधी तीन-तीन दिवस पत्ताच नाही. धार वर चढेना म्हणून नळ कापून, अंगणात खड्डा खणून त्यात उतरवला होता. खड्ड्यात एक बादली कशीबशी मावे. ती भरत आली की तांब्याने उपसून हंडे भरायचे. म्हणजे नळापाशी माणूस हवंच, आणि ते माणूस म्हणजे मी. मॅट्रिक चांगल्या मार्कांनी पास झालेली नवी सून दिवसभर खड्ड्यात डोकावत बसलेली.

घरात आम्ही तिघंच. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऐकूही कमी येई. आमचे हे घरामागच्याच हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. तिथल्या पाचवीच्या बाई बाळंतपणाला गेल्या आणि मुख्याध्यापकांनी बदली म्हणून मला विचारलं. "काम बरं वाटलं तर पुढंही ठेवून घेऊ," म्हणाले. मला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. पण नळाचं काय?

"नळच येईल तुला बोलवायला," हे म्हणाले आणि कामाला लागले.

तुपाचा रिकामा डबा कथलाचा डाख देऊन बंद केला, त्यावर काठी उभी केली, काठीच्या टोकाला पितळेची पट्टी. हा तरंगता डबा बादलीत सोडायचा. वर आडव्या फळीवर आणखी दोन पट्ट्या, एकमेकींपासून जरा दूर. बादली भरली की डबा वर येई, काठीवरची पट्टी वरच्या दोघींना टेकून त्यांना जोडी, वीज वाहू लागे आणि घंटा वाजे. घंटा होती पाचवीच्या वर्गाबाहेर. तिथपर्यंतची तार शेजारणीच्या पत्र्यावरून नेली होती. बदल्यात शेजारणीला आमच्या नळाचे दोन हंडे मिळायचे. ती रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची.

पहिले काही दिवस नुसता वैताग होता. कावळ्याने चोच मारून वरच्या पट्ट्या एकमेकींना भिडवल्या की घंटा वाजे, आणि मी धापा टाकत घरी आले की बादली कोरडीठाक. मग ह्यांनी खड्ड्यावर जाळी ठेवली. मग सेल उतरले. मग पत्र्यावर तार घासून उघडी पडली. एकेक खोट काढता काढता एके दिवशी यंत्र सुरळीत चालू लागलं. घंटा झाली की मी मुलांना शुद्धलेखन देई, पळत जाई, डबा काढून खुंटीला अडकवी, हंडे भरी आणि ओल्या पदराने परत येई. मुलं हसायची. मला तेही आवडायचं. वर्गात उभी राहिले की मी कुणाची सून नव्हते, बाई होते.

खंडेनवमीला शाळेतल्या उपकरणांची पूजा झाली. घरी सासूबाई म्हणाल्या, "अरे, त्या तुझ्या घंटीचीही कर की. घराला पाणी पाजते ती." एरवी देवाधर्माची थट्टा करणाऱ्या आमच्या ह्यांना यंत्राचा मात्र भारी पुळका. अंघोळ करून, सोवळ्याचा मुकटा नेसून खड्ड्यापाशी बसले आणि प्रत्येक पट्टीला कालवलेल्या कुंकवाचं बोट लावलं. नमस्कार माझ्याकडूनही करवून घेतला.

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली. नळ येऊन बरेच दिवस झाले होते, हंड्यात तळाशी थोडं उरलं होतं. दिवसभर माझे कान घंटेकडे. वाजली नाही. संध्याकाळी घरी आले तर खड्ड्यात नुसता चिखल. पाणी येऊन, बादली भरून, वाहून गेलं होतं. खालचा मुरूम ते सगळं प्यायला होता, बादलीत उरलं तेही चिखलाने गढूळ. सासूबाई आत माळ ओढत बसल्या होत्या, त्यांना कळलंच नव्हतं.

शेजारीण कामावरून परतल्यावर हंडे घेऊन आली, तिने खड्ड्यात वाकून बघितलं.

"आवो बाई," ती म्हणाली, "तिकडं खडीवर आमी घोटभर पान्यापायी भांडतोय, अन् तुमी मातीला पाजलं व्हय?"

रिकामे हंडे घेऊन ती गेली. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण ते कर्म कुणाचं, हे मला ठाऊक नव्हतं.

ह्यांनी आधी शाळेतली घंटा उघडली. मग सेल बदलले. मग पत्र्यावर चढून बोटबोट तार तपासली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! खड्ड्याकडे फिरकले नाहीत, कारण तिथलं काम स्वतःच्या हाताने चोख झालेलं. त्या रात्री जेवताना मान खाली घालून म्हणाले, "सापडेपर्यंत तू घरीच थांब. आईला काही जमत नाही." ज्या माणसाने माझ्यासाठी घंटा केली, त्यानेच हे सांगितलं. मला रडू आलं नाही, राग आला. तो गिळायलाही घरात पाणी नव्हतं.

मी थांबले. पाचवीला दुसरे गुरुजी आले, आणि मुख्याध्यापकांनी त्यांनाच पुढे ठेवायचं ठरवलं.

त्यानंतर एका रविवारी ह्यांना खोट सापडली. पट्ट्यांवर वाळून पापडी धरलेलं कुंकू नखाने खरवडत ते लहान मुलासारखे ओरडले, "अगं, सापडलं! वीज जाणार कशी यातून!" ह्यांना घंटा दुरुस्त करायची होती, मला नोकरी हवी होती. दोन्ही एकच आहे असं मी इतके दिवस समजत होते. मी आत गेले.

"पाणी आलं तरी डबा काढू नकोस," दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना ह्यांनी बजावलं. "घंटा किती वेळा नीट वाजते ते बघायचंय."

भर दुपारी नळ आला. बादली भरली, डबा वर आला, आणि शाळेकडून घंटा स्पष्ट ऐकू आली. मी तांब्या बुडवून उपसलं, घंटा थांबली. पुन्हा भरली, पुन्हा वाजली. एकदाही चुकली नाही. पलीकडे पाचवीचा वर्ग भरलेला होता. घंटा मलाच बोलवत होती, आणि मी खड्ड्याकाठी, नळापाशी बसलेली होते.