झेंडूमागचा लाल दिवा

पारसकाका कुणाच्याही कार्यालयात शिरले की नमस्काराआधी मशीनचे दिवे बघायचे. माणसं नंतर. शहाद्यात त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान. घराणं मूळ मारवाडातलं, पण गिऱ्हाइकाशी बोलणं ठसठशीत अहिराणीत. "मानूस खोटं बोलस, दिवा बोलस नही," असं दर भेटीत एकदा तरी ऐकवायचे.

आमच्या संघटनेचं कार्यालय म्हणजे लोणखेड्यातली एक खोली. टेबलावर काकांनीच विकलेला काळा डबा, आत चार हार्ड डिस्क. एक मेली तरी उरलेल्या तिघी तिची उणीव भरून काढतात. पण नवी बसून भरायच्या आत दुसरी मेली की सगळंच गेलं. त्या डब्यात आमची पत्रकं होती, मोर्चांचे फोटो होते, आणि तोरणमाळकडच्या म्हाताऱ्यांच्या, पावरी बोलीत त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड केलेल्या साक्षी. ही जमीन आमचे बाप कसत होते, नाला इथून वाहायचा, देव त्या झाडाखाली. ज्याच्याकडे कागद नाही त्याचा वनहक्काच्या दाव्यात हाच पुरावा. सांगणाऱ्यांतले काही म्हातारे सुनावणीची वाट बघता बघता गेले. सरकारला घाई नसते. मरणाला असते.

दसऱ्याला विळे-कोयत्यांबरोबर आम्ही डब्याचीही पूजा केली. कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. हार वाळला, पण पूजेचा म्हणून कुणी काढला नाही. सुनावणी परवावर आली तेव्हा साक्षी ऐकायला बसलो, तर डबा रडतखडत चालत होता. काकांना बोलावलं. त्यांनी आधी हार बाजूला सारला. मागे लाल दिवा पेटलेला.

"पूजा करतस, पन तोंड देखतस नही," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

मी म्हटलं, काढा ती मेलेली, बसवा नवी, आम्हाला वेळ नाही. काका हलले नाहीत. नवी भरायची तर उरलेल्या तिघींना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं लागतं, तो ताण त्या सोसतील याचा भरवसा नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय चारही त्यांनी एकाच खोक्यातून दिलेल्या. "एक जोडा फाटना म्हंजे दुसराबी फाटाले उना. चूक मन्ही शे."

तेव्हा आधी दुसरीकडे प्रत काढायची. मी भडकले. म्हाताऱ्यांच्या हक्काबद्दल चांगलं भाषणच ठोकलं. गिऱ्हाइकाची घासाघीस ऐकावी तसं त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, आज सगळं काही उतरणार नाही. यातलं जगात दुसरीकडे कुठेच नाही असं काय आहे?

साक्षी, मी म्हटलं.

"मंग जे परत भेटस नही, ते पहिले."

काका जैन. जेवण सूर्य मावळायच्या आत, नंतर पाणीसुद्धा नाही. त्या दिवशी सूर्य उसामागे गेला आणि ते उपाशीच राहिले. साक्षी उतरल्यावर मेलेल्या डिस्कचा नंबर त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, मगच ती ओढली. चुकून चांगली हातात आली असती तर खेळ खलास. नवी बसवली. ती भरत असतानाच शेजारचा दिवा लाल झाला. पत्रकं गेली, फोटो गेले. काकांनी चष्मा पुसला, एवढंच.

सुनावणीत साक्षी लावल्या. मेलेला बाप त्या खोलीत बोलत होता आणि त्याचे मुलगे माना खाली घालून ऐकत होते. निकाल? अजून नाही. पुढची तारीख, मग तिच्या पुढची. अर्ज लिहून लिहून हात भरून आलेत.

यंदा काका गेले. दुकान आवरायला त्यांचा मुलगा सुरतेहून आला होता, तो कार्यालयात डोकावला. चहा नको म्हणाला. "ताई, बाबांचा आवाज आहे का तुमच्याकडे कुठे? मोबाइलमध्ये नुसते फोटो निघाले."

डबा आता नवा आहे, चारही दिवे हिरवे. मुलगा समोर बसला होता आणि मी एकेक फाइल उघडून शोधत होते. डोंगरातल्या किती म्हाताऱ्यांचे आवाज निघाले. काकांचा नव्हता.