फोनच्या पाठीवरचा आकडा

माझा स्वभाव संशयी आहे असं माहेरी सगळे म्हणायचे. फौजीशी लग्न झालं आणि त्याच स्वभावाला लोक सावधपणा म्हणायला लागले. झाशीच्या छावणीत आल्यापासून वेलफेअरच्या मीटिंगमध्ये दर वेळी तेच सांगतात: अनोळखी नंबरचा व्हिडिओ कॉल उचलायचा नाही, नवरा कुठे आहे ते सांगायचं नाही, फोन कुठला वापरता हेसुद्धा नाही. कुणी फार गोड बोलून विचारायलाच लागला तर काहीतरी भलतंच सांगून मोकळं व्हायचं. बाकीच्या बायका जांभया देतात, एकमेकींच्या बांगड्या बघतात. मी मात्र मन लावून ऐकते. माझ्या मनातलंच कुणीतरी माइकवर सांगतंय याचं मला फार समाधान वाटतं.

माझे मिस्टर हवालदार. सध्या ते वर, डोंगरात आहेत. त्याहून जास्त मी इथंही लिहिणार नाही. आम्ही दोघी मायलेकी क्वार्टरमध्ये. मुलगी चार वर्षांची, मराठी सगळं समजतं पण बोलते हिंदीतच, कारण अंगणातली सगळी पोरं हिंदी बोलतात. मागच्या सुट्टीत ते घरी आले तेव्हा ती पलंगामागे लपली आणि सगळ्यांसमोर त्यांना ‘अंकल’ म्हणाली. ते हसले. मग बाहेर जाऊन त्यांनी स्कूटर धुतली. ती आदल्याच दिवशी धुतलेली होती.

त्या दिवसापासून आमचं ठरलं, जमेल तेव्हा व्हिडिओ कॉल करायचा. नुसता आवाज नको, चेहरा दिसला पाहिजे. ते खाली नेटमध्ये उतरले की ज्याचा फोन हाताला लागेल त्यावरून लावायचे, आणि मुलगी आपली बाहुली, गुडघ्याचं खरचटलेलं, ताटातली भेंडी, सगळं त्यांना दाखवायची. हळूहळू अंकलचे पापा झाले. माझ्या दृष्टीनं माझ्या फोनचं काम एवढंच.

आणि त्याच फोनवर एक दिवस कॉलच्या ॲपमध्ये सूचना आली, की या फोनवर हे ॲप लवकरच बंद होईल, सिस्टीम अपडेट करा. मी अपडेट शोधायला गेले, तर फोन म्हणाला की तुमची सिस्टीम अगदी अद्ययावत आहे. एक म्हणतो जुना, दुसरा म्हणतो नवा. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलत होतं आणि मला दोघांचाही संशय होता.

सदर बाजारातल्या मोबाईलवाल्याकडे गेले. त्यानं फोन हातात घेतला न घेतला आणि म्हणाला, “भाभीजी, इसमें अब कुछ नहीं होगा. नया ले लीजिए.” हे बोलताना त्याची नजर काचेच्या कपाटाकडे गेलेली मी पाहिली. नवीन फोन मिस्टर सुट्टीवर आल्यावर दोघांनी बघून घ्यायचा असं ठरलेलं होतं. शिवाय मला रागही आला होता. काच धड, बॅटरी धड, आवाज खणखणीत, आणि कुठंतरी बसलेला कुणी कंपनीवाला ठरवणार की हा आता म्हातारा झाला. असं माझ्या सासूबाईंनासुद्धा कुणी म्हणायची हिंमत करत नाही.

मग मी कॉलेजच्या वेळचा लॅपटॉप काढला आणि वाचायला बसले. मुलगी बालवाडीत असायची तेवढा वेळ माझा. कळलं ते असं, की कंपनीनं जुन्या फोनला वाऱ्यावर सोडलं तरी बाहेरचे काही हौशी लोक त्याच्यासाठी नवी सिस्टीम बनवतात, तिला कस्टम रॉम म्हणतात, आणि ती घातली की फोन पुन्हा नव्यासारखा वागतो. त्याच्या शेजारीच सगळीकडे ‘रूट’ हा शब्द होता. फोन रूट करायचा म्हणजे घराच्या सगळ्या चाव्या, तिजोरीचीसुद्धा, एका जुडग्यात घेऊन हातात ठेवायच्या. कुणाच्या हातात, हे मात्र सगळे घाईघाईत सांगत होते. माझ्या मनात पाल चुकचुकली.

माझ्या फोनसाठी तीन-चार रॉम होते. एक इतका देखणा होता की मी लगेच पान बंद केलं. दुसऱ्याच्या पानावर सगळेच कौतुक करत होते आणि सगळ्यांची कौतुकाची भाषा एकच होती. शेवटी एक साधा, करडा, कळकट दिसणारा मला आवडला. त्याच्या करणाऱ्यानं वरच लिहून ठेवलं होतं की कॅमेरा कधीकधी अडकतो, ब्लूटूथ नीट चालत नाही. जो आपली खोट आपल्या तोंडानं सांगतो त्याच्यावर मी निम्मा विश्वास ठेवते. पुरा नाही.

पण त्या पानावरचं अर्धं मला कळेना. म्हणून एका चर्चेच्या जागी, खोटं नाव घेऊन, पुरुष असल्यासारखं, मी इंग्रजीत प्रश्न टाकला. उत्तर आलं ते चक्क मराठीत. माझ्या इंग्रजीवरून त्यानं मराठी माणूस ओळखला म्हणे. झाशीत दिवसचे दिवस कुणी मराठीत बोलत नाही, त्यामुळे ती देवनागरी अक्षरं बघून मला आधी बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून लगेच संशय आला. मीटिंगमध्ये असंच तर सांगतात. ते लोक तुमच्याच भाषेत, तुमच्याच गावच्या माणसासारखं बोलतात.

त्यानं विचारलं, फोनच्या पाठीवर बारीक अक्षरात मॉडेलचा नंबर असतो तो सांगा, आणि फोन भारतातच घेतलाय ना? पुढं सहज विचारल्यासारखं, की आपण कुठले? मी मनात म्हटलं, आलास का गाडी रुळावर आणत. त्याला सांगितलं की मी नागपूरचा आहे, फोन दुबईच्या मित्रानं आणलाय, आणि मॉडेलच्या नंबरातला शेवटचा आकडा मुद्दाम बदलून दिला. हातचं राखून बोलायची इतकी सवय झालेली, की तो आकडा बदलताना मला विचारसुद्धा करावा लागला नाही.

त्यानं त्या करड्या रॉमच्या फाईली पाठवल्या, पायऱ्या लिहून दिल्या. मी प्रत्येक फाईल व्हायरससाठी तपासली. फाईल वाटेत कुणी बदललेली नाही ना हे बघायला एक लांबलचक खूणसंख्या असते, तीही एकेक अक्षर बोटानं जुळवली. नवी सिस्टीम घालायला आधी कंपनीनं फोनला आतून घातलेलं कुलूप उघडावं लागतं आणि ते उघडलं की सगळं पुसलं जातं असं वाचलेलं, म्हणून फोटो लॅपटॉपवर घेतले. लोकांचे नंबर राहिले. ते मी संशयापोटी कुठल्याच खात्यात कधी साठवू दिले नव्हते. ते सगळे फोनबरोबर पुसले गेले.

मग केबल जोडली आणि त्यानं लिहून दिल्याप्रमाणे आज्ञा दिल्या. लॅपटॉप म्हणाला, काम झालं. फोननं कंपनीचं चिन्ह दाखवलं, विझला, पुन्हा चिन्ह दाखवलं, पुन्हा विझला. मुलीला आणायची वेळ झाली तरी तेच चाललेलं. मी त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले. त्यानं हे मुद्दाम केलं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा बाजारात नेला. मोबाईलवाला म्हणाला, छोड़ जाइए, देख लेंगे. मुलीचे फोटो होते त्या फोनमध्ये कालपर्यंत, आणि पुसलेलंही परत काढतात म्हणे. मी सोडला नाही. शेजारच्या भाभी चिरगावच्या, त्यांनी आपला जुना बटणांचा फोन दिला, त्यात मी सिम घातलं. “का हो गओ बिन्नू, इत्ती काए घबरा रईं?” असं त्यांनी त्यांच्या बुंदेलीत विचारलं आणि मी त्यांनाही फोन पाण्यात पडला असं सांगितलं.

दोन दिवसांनी मिस्टरांचा फोन आला. मी मुलीला हाक मारली, म्हटलं पापा आहेत. तिनं तो फोन उलटापालटा करून पाहिला, चेहरा कुठेच नव्हता. “ये पापा नहीं हैं,” ती म्हणाली आणि फोन माझ्या मांडीवर टाकून खेळायला गेली. पलीकडे त्यांनी ते ऐकलं.

मग ते म्हणाले, “रविवारी बघू. व्हिडिओ जमव. त्यानंतर जरा अवघड आहे.”

आम्ही फोनवर याहून जास्त बोलत नाही. अवघड आहे म्हणजे ते आणखी वर जाणार, नेट नसलेल्या जागी, आणि मग थेट सुट्टीलाच दिसणार. म्हणजे पुन्हा पलंग, पुन्हा अंकल, पुन्हा ती धुतलेली स्कूटर. मी रडले, खोटं कशाला सांगू.

त्या माणसाला जाब विचारायचा म्हणून मी लॅपटॉप उघडला. आधीचं सगळं बोलणं वर सरकवत वाचत गेले, त्याची चूक कुठं सापडते ते बघायला. त्याची कुठंच चूक नव्हती. प्रत्येक फाईलच्या नावात मॉडेलचा नंबर होता, आणि शेवटी मी दिलेला आकडा होता. एकाच नावाचे दोन फोन निघालेले, फरक फक्त शेवटच्या आकड्यात, आणि आतली चिप वेगळी. जगातली प्रत्येक गोष्ट मी तपासून घेतली होती, फक्त मी स्वतः काय सांगितलं तेवढं सोडून.

बराच वेळ विचार केला. खरा आकडा द्यायचा म्हणजे मी आधी खोटं बोलले हे कबूल करायचं, आणि जो खोटं बोलताना पकडला जातो त्याच्यावर संशय घ्यायचा, हे तर मीच सगळ्यांना सांगत आले. शेवटी लिहिलं, “मॉडेलचा शेवटचा आकडा मी चुकीचा दिला होता. मुद्दाम.” आणि खाली खरा नंबर.

उत्तर संध्याकाळच्या आत आलं. मुद्दाम का, असं त्यानं विचारलं नाही. कोणती दोन बटणं दाबून धरायची ते लिहिलं, योग्य फाईली दिल्या, आणि खाली म्हणाला, “रूट करू नका. तुम्हाला नुसती नवी सिस्टीम हवी आहे, त्याला रूट लागत नाही. चाव्या आपल्या आपल्याकडे राहू द्या.” एवढं झाल्यावर तो रागावला का नाही, याचाच मला नवा संशय आला. तो कोण होता हे मला आजही माहीत नाही. पण त्याला मात्र माझ्या फोनचा खरा नंबर माहीत आहे, आणि ते आठवलं की मला अजून अस्वस्थ वाटतं.

शनिवारी दुपारी फोन उठला. चिन्ह आलं, आणि या वेळी ते विझलं नाही. त्याच्या जागी एक करडा, साधासुधा पडदा आला. ॲप बसलं, सिम परत घातलं. माझ्या जिवात जीव आला. कॅमेरा खरंच मधूनमधून अडकत होता. रॉम करणाऱ्यानं ते आधीच सांगितलं होतं.

रविवारी आम्ही दोघी सकाळपासून फोनजवळच बसलो. मुलीला नवा फ्रॉक घातला होता. अकराच्या सुमारास व्हिडिओ कॉल आला, अनोळखी नंबर, नाव नाही, फोटो नाही. माझ्याकडे आता सगळेच नंबर अनोळखी होते. तरी हात थांबला. मग सवयीप्रमाणे कॅमेऱ्यावर अंगठा दाबून मी कॉल उचलला.

समोर एक माणूस होता. काळवंडलेला, गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली. ओठ फुटलेले. मागे पत्र्याची भिंत. चित्र अडकत होतं आणि आवाज येत नव्हता. मागच्या व्हिडिओ कॉलला महिना होऊन गेला होता, आणि मी अशा माणसाला ओळखत नव्हते. त्यांनी जाताना मला बजावून ठेवलं होतं, कुणी माझ्या नावानं फोन केला तर आपल्या दोघांतलंच काहीतरी विचार. मी अगदी कडक आवाजात म्हटलं, “लग्नानंतर मी पहिल्यांदा कोणता पदार्थ बिघडवला?”

तो माणूस बघत राहिला. ओठ हलले, पण ऐकू काहीच आलं नाही. माझं बोट कॉल बंद करायच्या लाल खुणेवर गेलं.

तेवढ्यात मुलगी माझ्या कोपराखालून घुसली. तिनं पडद्याकडे एकदाच पाहिलं.

“पापा,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, मला काही कळत नसल्यासारखी, “मम्मी, पापा हैं ना.”

आणि आवाज सुरू झाला. ते केव्हाचे तेच तेच म्हणत होते. “शेंगोळी, अगं शेंगोळी. पिठलं झालं होतं त्यांचं. तुमच्याकडे लाईट गेली का? मला नुसता अंधार दिसतोय.”

मी कॅमेऱ्यावरचा अंगठा काढला.