धोंड्याच्या पंगतीत पोटाची व्युत्पत्ती

सासुरवाडीत जावयाची किंमत सासूबाईंच्या वाढण्यावरून कळते. अधिक महिन्यात देवणीला आम्हा दोन्ही जावयांना धोंड्याचं जेवण होतं. मी नांदेडचा, मराठीचा मास्तर. शेजारी साडू, उदगीरला ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा. कणकेत पुरण भरून उकडलेले धोंडे ताटात आले. त्याच्या धोंड्यांवर सासूबाईंनी तूप ओतलं. माझ्या धोंड्यांवर नुसतं शिंपडलं. इतरांना असलं काही दिसत नाही, मला बरोबर दिसतं.

माझ्यापाशी मिरवायला शब्दांशिवाय काही नाही. त्यामुळं सासरे "पोट भरून जेवा" म्हणाले, तशी मी संधी साधली.

"मामा, हा पोट शब्द मोठा मजेशीर बघा. पोटभाडेकरू, पोटजात, पोटकलम. एकाच्या आत दुसरं बसलं की लागलंच पोट! सातबाऱ्यावरचा पोटखराबा घ्या, चांगल्या रानाच्या आतला पडीक तुकडा."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "हाव की! आन् हा शब्द आला कुठून म्हणायचा?"

"संस्कृतात उदर. पण पोट त्यातून निघालेलं नाही. प्राकृतात पोट्ट होतं."

"आन् त्याच्या आधी?"

माझी विद्या तिथंच संपत होती. साडू बोटं चाटत म्हणाला, "सर, देगलूरकडची माझी तेलुगू गिऱ्हाइकं आजबी पोट्टच म्हणतेत. कन्नडात होट्टे. कुणाचं बघून जळण्याला होट्टेकिच्चु, म्हंजे पोटातली आग."

सासूबाईंचं माहेर बिदरकडचं. त्यांनी कन्नडात काहीतरी विचारलं, त्यानं उत्तर दिलं, आणि दोघं सुरूच झाले. सासूबाई पदर तोंडाला लावून हसून राहिल्या होत्या. इतक्या वर्षांत माझ्याशी त्या "वाढू का" आणि "गाडी कितीची हाय" याच्या पुढं गेलेल्या नाहीत. पोटखराब्यावर तर त्यांनी मानसुद्धा वर केली नव्हती.

बायकोनं समोरून माझं तोंड बघितलं. "पाणी प्या जरा," म्हणाली.

पाणी पिऊन मी साडूच्या कानाशी लागलो. "पोट भरलं, हे मामींना कन्नडात कसं सांगायचं?"

"होट्टे तुंबितु म्हणा."

परातीत एकच धोंडा उरला होता. तो मला हवा होता, पण सासूबाईंचं ते हसणं त्याहून जास्त हवं होतं. मी ताठ बसून, वर्गात म्हणतो तसं खणखणीत म्हणालो, "मामी, होट्टे तुंबितु!"

"अगं बाई! सरांना कन्नड येतंय की! ऐकलं का हो?" सासूबाई हसल्या. माझ्याकडं बघून, अगदी तश्शाच. मग, माझं पोट भरल्याचं आता त्यांच्या माहेरच्या भाषेतच पक्कं झाल्यामुळं, त्यांनी शेवटचा धोंडा उचलून साडूच्या ताटात ठेवला. "तुम्ही घ्या. त्यांचं झालंय."

साडूनं धोंडा मोडला आणि निम्मा माझ्या ताटात टाकला. "घ्या हो सर, लाजताव कशाला?"

माणूस मनानं चांगला आहे. निदान चांगुलपणा तरी देवानं माझ्या एकट्याच्या वाट्याला ठेवायचा होता.